भुशातला काळा थर

वीज गेली की आरा मशीनचा पट्टा फटफट करत थांबायचा, आणि मग जी शांतता पसरायची तिच्यात कस्तुराबाईला पाळण्याची कडी वाजल्याचं ऐकू यायचं. तेही भर दुपारी. मशीनच्या मागे लाकडाच्या भुशाचा घराएवढा ढीग होता, त्याच्या पोटातून यायचा तो आवाज. कर्र... कर्र... कुणी पायाच्या अंगठ्यानं सावकाश पाळणा हलवत बसावं, तसा.

व्यंकटराव, तिचे मालक, हयात होते तोवर ती त्यांना सांगायची.

"वारं हाय ते," ते म्हणायचे. "पत्र्यात शिरायलंय."

व्यंकटराव जाऊन चार वर्षं झाली. तिनं पत्रे नवे टाकून घेतले. आवाज गेला नाही.

तो कुठून आला हे तिला पक्कं ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या श्रावणात, गावानं बौद्धवाडा जाळला होता. परभणीहून झरीकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत असलेलं हे लहानसं गाव. बाहेरची माणसं आली होती असं पुढं सगळे सांगायचे, पण काडी ओढणारे हात गावातलेच होते. चौथ्या दिवशी मशीनसमोर बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. गाड्यांत तुळया, खांब, चौकटी. वरून काळ्याठिक्कर, पावसानं भिजलेल्या.

"वरचं जळालंय," व्यंकटराव तुळईवर बोटानं टकटक करत म्हणाले होते, "आतला गाभा साबूत हाय. सागवान हाय."

पण घराच्या लाकडात खिळे असतात, आणि एक खिळा पात्याखाली आला तर करवतीचे दात उडतात. आधी खिळे उपटायला हवेत. ते काम कस्तुराबाईच्या वाट्याला आलं. दोन दिवस ती पक्कड आणि हातोडी घेऊन त्या लाकडांत बसली. कोपरापर्यंत हात काळे. दुसऱ्या दिवशी दुपारी एका तुळईत तिला पाळण्याची कडी दिसली.

आपल्याकडं ही कडी बारशाच्या दिवशी तुळईत ठोकतात, तिला हळदकुंकू लावतात, आणि एकदा ठोकली की काढत नाहीत. घर विकलं तरी कडी घराबरोबर जाते. कस्तुराबाईच्या स्वतःच्या घरात लग्नानंतर सासूनं हौसेनं कडी ठोकून घेतली होती. तिला कधी पाळणा लागला नाही, तरी ती काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. तीच बाई आता दुसऱ्याच्या घरची कडी हातात धरून थांबली.

"थांबलीस कामून?" व्यंकटराव म्हणाले. "लाईन जायच्या आत कापायचंय."

तिनं पक्कड लावली आणि पिळली. कडी सुटताना कर्र असं वाजली. खिळ्यांबरोबर ती भंगारवाल्याकडं गेली, फळ्या कुणाकुणाच्या दारांना गेल्या. उरला तो जळका भुसा आणि कोळसा झालेल्या सालपटी. त्या मशीनमागं लोटल्या, आणि वर दहा वर्षांचा भुसा पडत राहिला.

कस्तुराबाईला त्यानंतर एकच गोष्ट विचारायची होती. त्या पाळण्यातलं लेकरू वाचलं का? विचारायला माणसं होती. वाड्यातले लोक वर्षभरानं परत आले होते, कुडाची घरं घालून राहिले होते. पण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार होतं. दहा वर्षांत तिची जीभ रेटली नाही.

*

ढिगाचा कुणाला उपयोग नव्हता. दोन-चार घरी भुशाच्या शेगड्या होत्या, ते टोपलीभर न्यायचे. बाकी ढीग कुजायचा, पावसाळ्यात त्यातून चहासारखं पाणी ओढ्याला जायचं. कस्तुराबाईचे मावसभाऊ दत्तराव परभणीला प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले होते. ते एकदा भाऊबीजेला आले आणि ढिगापुढं कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कस्तुरा, हे तू कचरा म्हणून ठेवलंयस?"

"मग काय देवघरात ठेवू?"

दत्तरावांनी मूठभर भुसा तळहातावर घेऊन तिला समजावलं. लाकूड म्हणजे बारीक धागे, आणि ते एकमेकांना धरून ठेवणारा एक गोंद. गोंद सोडवला की धागा मोकळा होतो. मोकळ्या धाग्याचा लगदा करायचा, दाबायचा, वाळवायचा, की त्याचा पुठ्ठा होतो. लाकडासारखा कडक.

पहिल्यांदा त्यांनी कॉस्टिक सोडा आणला. त्यात भुसा झटकन शिजला, पण कामाला लावलेल्या झुंबरबाईच्या बोटांची सालं निघाली आणि ओढ्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. म्हशी पाण्याला तोंड लावेनात.

झुंबरबाई वाड्यातली. कस्तुराबाईच्याच वयाची, हडकुळी, जिभेनं तिखट. बोटांना तेल चोळत ती दत्तरावांना म्हणाली, "साहेब, तुमचं इलायती औषध तुमच्यापाशीच ठिवा. आमची आजी पऱ्हाटीच्या राखंच्या पान्यानं घोंगडी धुवायची. मळ सुटतो तर गोंद कामून सुटत न्हाई?"

दत्तराव हसले, आणि मग हसायचे थांबले. "अरे, बरोबर आहे की हिचं."

तेव्हापासून राख आली. कापसाच्या मुलखात पऱ्हाटीला काय तोटा? घरोघरच्या चुलीतली राख गोळा करायची, पाण्यात भिजवायची, वरचं निवळ पाणी काढायचं, त्यात भुसा दोन दिवस मुरवायचा आणि भुशाच्याच शेगडीवर दिवसभर मंद शिजवायचा. वेळ लागायचा, पण हात शाबूत राहायचे. शिजल्यावर निघणारं काळपट पाणी ओढ्याला न सोडता आटवायचं. आटलं की काकवीसारखं दाट व्हायचं, आणि तेच लगद्यात परत कालवलं की पुठ्ठा घट्ट बसायचा. लाकडानं सोडलेला गोंद लाकडालाच परत. दोन लोखंडी पत्र्यांमध्ये लगदा ठेवून ट्रकच्या जुन्या जॅकनं दाबायचा आणि उन्हात वाळवायचा.

झुंबरबाईबरोबर वाड्यातल्या आणखी दोघी येऊ लागल्या. पहिले सहा महिने झुंबरबाई चहाचा कप घरून आणायची. एक दिवस तो फुटला. कस्तुराबाईनं घरातल्या कपात चहा दिला, आणि पुढं तोच कप चालू राहिला. कस्तुराबाईला सख्ख्या जावा होत्या, पण दिवसातून इतकं हसणं तिला दुसऱ्या कुणाबरोबर येत नव्हतं.

परभणीचे दिनकरराव शाळेचं सामान विकायचे. त्यांनी हे पुठ्ठे परीक्षेच्या पॅडसाठी घेतले. वर चिमटा लावला की झालं पॅड. पोरांना आवडले. त्यांनी आणखी मागितले, आणि ढीग वरून खाली उतरू लागला.

*

आषाढात पहिला डाग आला.

पिवळसर पुठ्ठ्यावर मोहरीएवढे काळे ठिपके. दुसऱ्या खेपेला जास्त. दिनकररावांनी गठ्ठा परत पाठवला आणि मागोमाग स्वतः आले.

"बाई, ह्यांना काय देवी आल्या का? पोरगं गणित लिहील का ठिपके मोजील?"

कस्तुराबाईनं भुसा जास्त शिजवला. राखेचं पाणी जास्त कडक केलं. तीनदा धुतला. ठिपके राहिलेच. शेवटी दत्तरावांना बोलावलं. त्यांनी एक ठिपका सुईनं उकरून काढला आणि पोस्टकार्डावर घासला. काळी रेघ उमटली.

"कोळसा आहे," ते म्हणाले. "मग सोड. लाकडातलं सगळं कशात ना कशात सुटतं, पण जळालेलं सुटत नाही. क्षार घाल, आम्ल घाल, उकळ, कुजव. कोळसा जसाच्या तसा राहतो, हजार वर्षं राहतो." मग त्यांनी मान वर केली. "पण तुझ्या भुशात कोळसा आला कुठून?"

"शेगडीतला उडाला असंल, दादा."

दत्तरावांनी ढिगाकडं पाहिलं. जिथं झुंबरबाईचं फावडं चालत होतं तिथं, तांबूस भुशाच्या खाली, हातभर रुंदीची एक करडी रेघ दिसायला लागली होती. ते नोकरीनिमित्त परभणीला असायचे, त्या श्रावणात गावात नव्हते.

त्या दुपारपासून वीज असली, करवत ओरडत असली, तरी तिच्या आवाजाखाली कस्तुराबाईला कडी ऐकू येऊ लागली. शिजत्या कढईत लाकडी दांड्यानं ढवळताना वास यायचा तो नुसत्या लाकडाचा नसायचा. भिजलेल्या राखेचा, जळक्या गोधडीचा. ती दांडा सोडून अंगणात येऊन उभी राहायची.

"बाई, ताप हाय का तुमाला?" झुंबरबाई विचारायची.

"न्हाई गं. वाफ लागली."

दुसऱ्या दिवशी फावडं त्या रेघेत घुसणार, एवढ्यात कस्तुराबाई ओरडली, "झुंबर! सरक मागं! नाग हाय तिथं."

"कुटं?"

"आत शिरला आत्ताच. म्या बघितला. ती बाजू सोड, पलीकडून खोद."

झुंबरबाई दोन पावलं मागं सरली. मग मान वाकडी करून म्हणाली, "लय अकलवाला नाग हाय, बाई. पॅड खराब निघायलेत तितंच येऊन बसला."

खोटं बोलून कस्तुराबाईला वाटलं, निभावलं. पण श्रावणात तोंडातून नाग काढला की तो परत तोंडात जात नाही. गावाचं वारूळ मागच्याच साली नांगरटीत गेलं होतं, बायकांना पंचमीला पुजायला जागा नव्हती. चार दिवसांत गावभर झालं, की नागदेवता कस्तुराबाईच्या ढिगात राहायला आली.

*

नागपंचमीच्या दिवशी गावातल्या वीस-पंचवीस बायका नव्या बांगड्या भरून, ताटं घेऊन मशीनमागं आल्या. पुढं पार्वतीबाई. ठसठशीत कुंकू, भरदार आवाज. दहा वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणात सगळ्यांत आधी मशीनवर आलेली गाडी तिच्याच घरची होती. बायकांनी करड्या रेघेपाशी दुधाची वाटी ठेवली, लाह्या आणि फुटाणे वाहिले, जळक्या थरावर हळदकुंकू टाकलं आणि फेर धरून गाणी म्हणायला लागल्या.

कस्तुराबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला गाणं ऐकू येत नव्हतं. कर्र... कर्र... पाळणा जोरात हलत होता.

तेवढ्यात झुंबरबाई खांद्यावर फावडं टाकून आली. पंचमीला तव्यावर भाजायचं नाही, विळीवर चिरायचं नाही, जमीन खोदायची नाही. पण ते गावाला. झुंबरबाईच्या घरी हे सण केव्हाच सुटले होते, आणि मुरत घालायचं पाणी तयार होऊन पडलं होतं.

"झुंबरे!" पार्वतीबाई फेर सोडून ओरडली. "ठिव ते फावडं! आजच्या दिशी जमिनीला लोखंड लावत्यात व्हय?"

"जमिनीला कोन लावायलंय? भुसा हाय ह्यो."

एकदोघी हसल्या. पार्वतीबाईनं त्यांच्याकडं पाहिलं तशा गप्प झाल्या.

"खाली देव हाय."

"मग दूध कामून पीना? सकाळधरनं ठिवलंय. माशा प्यायल्यात समदं."

"जीभ लय चालायली गं तुझी." पार्वतीबाई पुढं आली आणि तिनं फावड्याचा दांडा धरला. "हिनं घरातला कप दिला म्हणून डोस्क्यावर बसायलात. दहा वर्सांमागचं इसरलात वाटतं."

झुंबरबाईनं दांडा सोडला नाही, पण तिचा चेहरा बदलला. कुणी दिवा काढून न्यावा, तसा.

"पार्वतीबाई," कस्तुराबाई म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "पार्वतीबाई, तिथं नाग न्हाई. म्या लबाड बोलले."

"काय?"

"नाग कधीच नव्हता. तुमी ज्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, ती ह्यांच्या घराची लाकडं हायत. जळालेली. तुमच्या गाडीतून आलती, आन् दुसऱ्या तीन गाड्यांतून. आमच्या मालकांनी ती कापली. खिळे म्या काढले."

लाह्यांवर बसलेल्या चिमण्या तेवढ्या टिपत होत्या.

"येड लागलंय हिला," पार्वतीबाई शेवटी म्हणाली. "नवरा गेल्यापासून अशीच करती." पण तिनं दांडा सोडला होता. ती ताट उचलून निघाली आणि बाकीच्याही निघाल्या. एक म्हातारी तेवढी वाकली, दुधाची वाटी उचलून पदराखाली धरली आणि कुणाकडंही न बघता गेली.

*

झुंबरबाई ढिगापुढं बसली. तिनं फावडं घातलं नाही. हातानंच वरचा भुसा बाजूला केला, काळ्या थरापर्यंत हात आत घातला आणि एक मूठ काढली. काळीभोर. बोटभर लांबीची एक ढलपी तिनं उलटीसुलटी करून पाहिली.

"पंचनाम्याला साहेब आलता," ती म्हणाली. "त्याला म्या इचारलं, आमची लाकडं कुटं गेली. त्यो म्हणला, जळून राख झाली, बाई. म्या म्हणलं, राख तरी दाखवा. तर हसला."

कस्तुराबाई तिच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून बसली.

"दीड वरीस झालं," झुंबरबाई ढलपीकडंच बघत म्हणाली. "दीड वरीस तुमी माझ्या शेजारी बसून च्या प्यायलाव."

"व्हय."

"कवातरी सांगायचं व्हतं का?"

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. खोटं बोलायची ताकद आता राहिली नव्हती. "सांगितलं असतं तर तू गेली असतीस." मग तिनं ते विचारलं. "एका तुळईत पाळण्याची कडी व्हती. म्याच काढली. दहा वर्सं झाली, मला ती ऐकू येती. दुपारची. ती कुणाच्या घरची, झुंबर? ते लेकरू..."



"गोल व्हती का आकड्याची?"

"गोल."

"समद्यांच्या गोलच व्हत्या. घिसाड्यानं एकाच वख्ताला केलत्या." झुंबरबाईनं ढलपी खाली ठेवली आणि उजव्या हाताची बोटं मिटायला लागली. "त्या साली वाड्यात चार पाळणे हलायचे. एक माझी लेक. तिला पोटाशी बांधून म्या दोन दिस जवारीच्या पिकात बसले, वरून पानी. ती पाचवीत हाय आता. एक आश्रुबाचा पोरगा. त्याला पोखर्णीला मामाकडं ठिवलंय. एक नर्मदाबाईची पोरगी. एका कानानं ऐकू येत न्हाई तिला, पन हाय."

तीन बोटं मिटली. चौथं तसंच राहिलं. कस्तुराबाई त्या बोटाकडं बघत राहिली. ढिगातला आवाज थांबला होता की काय, तिला कळेना.

"आन् चौथं?"

झुंबरबाईनं ते बोट मिटलं नाही. हात मांडीवर पालथा ठेवला.

"चौथ्याचं म्या सांगायचं न्हाई. ते त्याच्या मायचं हाय. तिला इचारावं लागंल, तुमाला सांगू का म्हणून. आन् तिला म्या इचारणार न्हाई."

"मंग मला कसं कळंल?"

"न्हाई कळायचं." ती उठली, लुगड्याचा भुसा झटकला. "कडी कंच्या घरची, ते तर आमालाबी कळायचं न्हाई. तुमाला ऐकू येती म्हणालाव ना? मंग ऐका."

तिनं फावडं घेतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. भुसा पाण्यात तसाच मुरत राहिला आणि आंबायला लागला. आवाज थांबला नव्हता. तो सकाळीही येऊ लागला. कस्तुराबाईनं दोनदा वाड्याच्या वाटेला पाऊल टाकलं आणि दोनदा परत आली. रस्त्यानं जाताना बायका पदर पुढं ओढून घ्यायच्या. पार्वतीबाईच्या मुलानं लाकूड कापायला दुसरीकडं नेलं.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर झुंबरबाई आली. बरोबर त्या दोघी. त्या बसल्या नाहीत. कस्तुराबाईनं चहाचं आधण ठेवायला हात पुढं केला, तसं झुंबरबाईनं मानेनंच नको म्हटलं.

"आमी बसून ठरवलंय," ती म्हणाली. "ह्यो काळा थर फेकायचा न्हाई. इकायचा न्हाई. ह्याचे पुठ्ठे करायचे. डाग काढायचे न्हाईत, जसे निघतील तसे. आमी विहार बांधायलोत, त्याच्या भिंतींला आतून मारायचे हायत."

"करू की," कस्तुराबाई घाईनं म्हणाली. "उद्यापासून लागू समद्या."

"समद्या न्हाई. तुमी. आमी ह्याला हात लावणार न्हाई. खोदायचं तुमी, शिजवायचं तुमी, दाबायचं तुमी. संपंस्तोवर."

ढीग खालून किती पसरला होता, ते कस्तुराबाईला ठाऊक होतं. एका बाईच्या हातानं पुढचा श्रावण उजाडला असता.

"आन् तुमी? येणार का न्हाई?"

"येऊ. आमी पलीकडच्या बाजूनं पॅडचं काम करू. दिनकररावाचं अडलंय." झुंबरबाई थोडी थांबली. "त्याची माय बी येनार हाय आमच्यासंगं. चौथ्या लेकराची. तिला काम पायजे. ती कोन, ते तुमी इचारायचं न्हाई. तिच्या तोंडाकडं बघून वळखायचं बी न्हाई."

कस्तुराबाईनं मान हलवली. त्या मागं उभ्या दोघींतली ती एक होती, की उद्या येणारी कुणी तिसरी, हे बघायला तिची नजर उचलली आणि तिनं ती खाली घेतली.

मग तिनं पदर खोचला, घमेलं घेतलं आणि करड्या रेघेत दोन्ही हात घातले. भुसा आत गार आणि ओला होता. कर्र, असं वाजलं, अगदी कोपराजवळ. ती थांबली नाही. एक घमेलं भरलं, ते तिनं राखेच्या पाण्याच्या पिपात नेऊन ओतलं. पाणी क्षणात काळं झालं.

झुंबरबाई पलीकडच्या बाजूला निघाली होती. ती पिपापाशी वळली, एक बोट पाण्यात बुडवून अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि हात लुगड्याला पुसला.

"पानी कच्चं हाय," ती म्हणाली. "राख घाला अजून."